मुराळ्याची उंच गाडी

आमच्या गाडीला पायदान नाही आणि याला सरकार जबाबदार नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात जड झाला आहे, कारण असं वाक्य मी आजवर कधी लिहिलेलं नाही. मी 'खड्डेमुक्त वसाहत कृती समिती'ची सचिव. आमची वसाहत नांदेडात, विष्णुपुरीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला. माझी पत्रकं तिथल्या घराघरात पोचलेली आहेत. (काही घरांत त्यांच्यावर भजी निथळत ठेवतात, हे मला माहीत आहे. निषेध.) नळाला पाणी नाही, जबाबदार कोण? दिवाबत्ती नाही, जबाबदार कोण? असे सवाल विचारण्यात माझं तारुण्य चाललं आहे. पण पायदान मात्र मीच काढायला लावलं. गॅरेजात उभं राहून, लोकांसमोर, घोषणा दिल्यासारखं.

त्याचं असं झालं. माझी मोठी बहीण, आमची अक्का, मुरुडला दिलेली आहे. लातूरच्या पलीकडचं मुरुड. घराच्या पुढच्या अंगाला आडतीचं दुकान, मागं घर, आणि दोन्हींवर अक्काच्या सासूबाईंचं राज्य. त्यांना आम्ही मावशी म्हणतो. कपाळाला विभूतीचे पट्टे, आवाज असा की धान्याच्या मोंढ्यात सौदा मोडावा. तर अक्काला सातवा सरला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. मायनं डिंक आणला, खारीक फोडली, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवली. आता लेकीला आणायला मुराळी जायला पाहिजे. मुराळी म्हणजे बहिणीला सासरहून माहेरी घेऊन येणारा भाऊ. आम्हाला भाऊ नाही. आम्हाला मी आहे.

मी मावशींना फोन केला.

"मुराळी कोण यायलाय?" मावशींनी विचारलं.

"मी."

"तू? अन् गाडी?"

"मीच चालवणार."

"बरं. अन् रस्ता?"

इथं मी अडकले. कारण 'लातूर-नांदेड रस्ता: वाहतुकीचा मार्ग की मृत्यूचा सापळा?' हे घणाघाती पत्रक माझंच होतं आणि दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, ते मोठ्या कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. मावशी वाचत नाहीत असं मला वाटायचं. मावशी सगळं वाचतात.

"तूच लिवलंयस न," मावशी म्हणाल्या, "ह्या रस्त्यानं गरोदर बाईला नेणं म्हंजे दोन जिवांशी खेळ. मोठ्या अक्षरात लिवलंयस. मंग? मी न्हाई खेळत. बाळंतपण हितंच करू."

मी आजवर कितीतरी लोकांविरुद्ध लिहिलं, एकावरही परिणाम झाला नाही. पहिला परिणाम झाला तो माझ्या मायवर. ती डिंकाचा डबा मांडीवर घेऊन बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तुझ्या लेखणीला काय रोग झाला ग गौरे?"

आता एकच मार्ग होता. रस्ता बदलत नसेल तर गाडी बदला. (हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याचं पत्रक काढणार होते. मायनं कागद काढून घेतले.)

आमची गाडी म्हणजे अप्पांची, माझ्या वडिलांची, ढवळी. जुनी, पांढरी, लांबलचक वॅगन. पाठीमागं एवढी जागा की सोयाबीनची पोती टाकून वर पाहुणे बसवावेत. पण स्प्रिंगा थकलेल्या. प्रत्येक गतिरोधकाला ती पोट टेकवून नमस्कार करायची. मी तिला गफूरभाईच्या गॅरेजात नेलं.

"गफूरभाई, मोठे दातेरी टायर पाहिजेत. चिखल, दगड, माती, सगळीकडं चालणारे. अन् गाडी थोडी उंच करायची."

"थोडी म्हंजे कित्ती?"

"खड्ड्यानं मान वर करून बघितलं पाहिजे."

गफूरभाई हसला नाही. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, "ताई, जिंदगीभर लोक येऊन एकच म्हंतात, जरा आवाज येऊन राहिला, बघून घे. असं काम कुणी आणलंच नव्हतं." त्याला मी भेटले आणि मला तो, हे नांदेडचं दुर्दैव. त्यानं फोनवर डोंगर चढणाऱ्या गाड्या दाखवल्या. मी रस्त्याचे फोटो दाखवले. दोघंही एकमेकांकडं बघून पेटलो.

स्प्रिंगा नव्या आल्या, त्यांच्यावर ठोकळे बसले, शॉकॲबसॉर्बर लांब झाले, आणि चार काळे टायर असे चढले की ढवळीनं कुणाचे तरी बूट घातल्यासारखं वाटलं. स्टिअरिंग फिरवून बघितलं तर चाक पायदानाला घासलं.

"पायदान आड यायलंय," गफूरभाई म्हणाला.

"काढून टाका."

"मग चढतील कसे?"

"पाय उचलून!" मी म्हणाले, आणि इथं मला कुणीतरी आवरायला हवं होतं. "गफूरभाई, पायदान ही सरंजामशाहीची निशाणी आहे. ज्यांना दुसऱ्यानं चढवायची सवय, त्यांनी पायदान शोधलं. आपण कष्टकरी माणसं. आपल्याला पाय आहेत."

गॅरेजात पंक्चर काढायला थांबलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. गफूरभाईनं दोन्ही पायदानं काढली. एक शेजारच्या चहावाल्यानं उचललं आणि विटांवर ठेवून बाकडं केलं. मी त्यावर बसून चहासुद्धा प्याले. चांगलं मजबूत होतं.

घरी आल्यावर अप्पा गाडीभोवती हळूहळू फिरले.

"कुणाची आहे?"

"आपली आहे अप्पा."

"आपली खाली होती," अप्पा म्हणाले आणि आत जाऊन झोपले.

मायनं पूजा केली. नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडी पुढं घेतली. तीन लिंबं फुटली, चौथं टायरच्या दातांत अडकून बसलं. फुटेना, निघेना. माय म्हणाली हा अपशकुन आहे. मी म्हणाले ही अंधश्रद्धा आहे. लिंबू काहीच म्हणालं नाही, पण मुरुडपर्यंत माझ्यासोबत आलं.

आणि काय सांगू, गाडी काय चालली! लोहा गेलं, अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. मी खड्डे चुकवायचे सोडून शोधत होते. एक चांगला खोल सापडला तर वळून परत त्यातून घेतली. या रस्त्यावर खड्डा बघून खूष झालेली मी पहिली बाई असेन. मुरुडात शिरले तेव्हा पोरं धावत मागं आली. कुणी विचारलं, "शूटिंग हाय का?"

अक्का हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, भरली ओटी सांभाळत बाहेर आली. मला बघून हसली, गाडी बघून थांबली. दाराशी गेली. पाय उचलला. परत ठेवला.

"गौरे, पायदान कुठाय?"

मला सरंजामशाहीबद्दल बोलायचं होतं, पण मागं मावशी उभ्या होत्या.

"डॉक्टरीण बाईनं सांगितलंय," मावशी म्हणाल्या, "उंबऱ्यापरीस वर पाय टाकायचा न्हाई. पोटावर ताण यायला नको. अन् तू हे काय आणलंयस? उंट?"

दाजी चौरंग घेऊन धावत आले. सत्यनारायणाचा चौरंग, पितळी फुलांचा. "आधी मी चढून दाखवतो," ते म्हणाले. दाजी अंगानं भरलेले आहेत. ते चौरंगावर चढले, चौरंग फरशीवरून सरकला आणि दाजी तुरीच्या पोत्यावर बसते झाले. पोतं फुटलं.

"चौरंग रद्द," मावशी म्हणाल्या. "पाट, ष्टूल, खुर्ची, समदं रद्द. चल ग सूनबाई, आत चल."

अक्काचा चेहरा उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं. लहानपणी शाळेच्या गेटाबाहेर मी तिला न्यायला उशीर केला की ती असंच बघायची. (ती मोठी, पण रस्ता ओलांडायला ती घाबरायची, मी नाही.) मला एकदम कळलं की हिला खरंच माहेरी यायचंय, डिंकासाठी नाही, मायसाठी.

तेवढ्यात पोत्यावर बसलेले दाजी म्हणाले, "ओट्याला लावा की."

आडत दुकानाचा ओटा उंच असतो. ट्रकची फळी पाडली की ओट्याला मिळते आणि हमाल पोतं घेऊन सरळ आत जातो. ढवळी आता ट्रकच्या मापाला आलीच होती. मी गाडी वळवली. हमाल मंडळी जेवत होती, ती हात धुऊन आली. "येऊ द्या, येऊ द्या... डावी मारा... अजून... बास!" दार ओट्याला असं भिडलं की मधून मुंगी गेली नसती. अक्का देवळात शिरावी तशी चालत आत गेली आणि सीटवर बसली. एका हमालानं सवयीनं गाडीच्या अंगावर थाप मारली आणि ओरडला, "भरली!"

मी विजयी मुद्रेनं मावशींकडं बघितलं.

"चढवली," मावशी म्हणाल्या. "उतरवनार कुठं? तुमच्या दारात हाय का ओटा?"

प्रश्न बिनतोड होता. पण मी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध लढले तो शत्रू त्या क्षणी माझ्या मदतीला धावला.

"ओटा नाही मावशी, खड्डा आहे. पाइपलाइनसाठी आमच्या दारासमोरच खांदला अन् तसाच सोडला. मी त्यात बसून उपोषण केलंय, त्याचं माप मला माझ्या कमरेवरून ठाऊक आहे. डावी चाकं त्यात घातली की गाडीचं दार रस्त्याला येतं. अक्का नुसती चालत उतरेल."

मावशींनी विचार केला. "खड्डा पक्का हाय न?"

"कितीतरी निवेदनं दिली मावशी. हलला नाही."

"मंग मी संग येते. खड्डा बघते. पटला तर ठीक, न्हाई पटला तर सुनेला उतरवायच्या आधी गाडी माघारी फिरवायची. सांगून ठेवते."

मावशीही ओट्यावरून चढल्या. वाटेत अहमदपूरला त्यांच्या ओळखीच्या आडतीपुढं थांबलो. परत ओट्याला गाडी लावली, अक्काला उतरवलं, तिचं आवरून झालं, चहा पाजला, परत चढवलं. आडतवाले लांबून ओरडले, "माल कुठला?" मावशी म्हणाल्या, "मुरुडचा. इकायचा न्हाई."

सगळं इतकं झकास चाललं होतं की मला गुणगुणावंसं वाटलं. लोह्याच्या अलीकडं फोन वाजला. मायचा. मी मावशींनाही ऐकू जावा म्हणून मोठ्यावर टाकला.

"गौरे, आनंदाची बातमी हाय ग. तुझा खड्डा बुजवला!"

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"सकाळीच आले, मुरूम टाकला, रोलर फिरवला, वरून पाणी मारलं. अशी गुळगुळीत केली जागा, रांगोळी काढावी वाटायली. तुमच्या समितीचे पाटीलकाका तुझा सत्कार ठेवून राहिलेत. शाल बी आणली."

"माय," मी म्हणाले, "त्यांना थांबव."

"कुणाला?"

"खड्डा बुजवणाऱ्यांना."

"गेले ते."

"परत बोलव."

"कशाला?"

"उकरायला सांग."

मायनं फोन अप्पांकडं दिला. मागून तिचा आवाज आला, "पोरीला ऊन लागलंय."

हवं तेव्हा हलत नाहीत, नको तेव्हा रोलर घेऊन येतात. ऐन त्याच दिवशी दाखवलेली ही तत्परता अत्यंत संशयास्पद आहे, असं माझ्या मनात आलं, पण पत्रक वाटायला गाडीत फक्त दोघी होत्या आणि त्यांतली एक हसत होती. अक्का. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"हासू नको, ताण येतोय," मावशी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "फिरव गाडी."

अक्काचं हसू थांबलं.

"मावशी, दारापर्यंत चला," मी म्हणाले. माझा आवाज सभेतला राहिला नव्हता. "माय दारात भाकरतुकडा घेऊन उभी आहे. दारात सोय झाली नाही तर मी स्वतः परत मुरुडला आणून सोडते. नाहीतर आमच्या नांदेडच्या मोंढ्यातसुद्धा ओटे आहेत, तिथं उतरवून रिक्षानं..."

"लेक भुसार मालावानी मोंढ्यात उतरवायची व्हय ग? माहेरच्या गावात शिरल्यावर पहिलं पाऊल माहेरच्या दारातच पडलं पायजे." मावशींनी खिडकीबाहेर बघितलं. आरशात अक्का मुकाट बसलेली त्यांनाही दिसली असावी. "चल दारापर्यंत. दारापर्यंतच."

दारात माय ताट घेऊन उभी होती. शेजारी अप्पा. खड्ड्याच्या जागी ओलसर, लालसर, देखणा रस्ता. मी आयुष्यात इतका चांगला रस्ता बघितला नाही आणि इतका राग कुठल्या रस्त्याचा आला नाही. गाडी त्याच्यावर उभी केली तर ढवळी आणखीच उंच दिसायला लागली. माय ओवाळायला हात वर करून उभी राहिली, तरी निरांजन अक्काच्या गुडघ्यापर्यंतच पोचत होतं.

अप्पा म्हणाले, "चौरंग आणतो."

"चौरंग रद्द," मी, अक्का आणि मावशी एका सुरात म्हणालो.

मावशींनी घड्याळाकडं बघितलं. मी अक्काकडं बघितलं. मग मी गाडी थोडी मागं घेतली, परसात गेले, अप्पांची कुदळ आणि फावडं घेतलं, ओढणी कमरेला बांधली आणि पहिला घाव घातला.

सार्वजनिक मालमत्तेची नासधूस करणाऱ्यांबद्दल माझं काय मत आहे ते वसाहतीत सर्वांना पाठ आहे. त्यामुळं खिडक्या पटापट उघडल्या. मुरूम नवा होता, मऊ होता. (निकृष्ट दर्जाचं काम. त्या दिवसापुरते आभार.) मी खांदत होते आणि मावशी गाडीच्या खिडकीतून सूचना करत होत्या, "जरा हिकडं... लांबीला वाढव... आता मागच्या चाकाचा घे."

तेवढ्यात कोपऱ्यावरून पाटीलकाका आले. आमच्या समितीचे अध्यक्ष. हातात हार, खांद्यावर शाल, मागं चार सभासद आणि एक फोटो काढणारा. ते मला पाहून थबकले. आधी कुदळीकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"गौरी... हे तू काय करून राहिलीस?"

"काका, खड्डा."

"तो तर बुजला."

"म्हणूनच."

काका बिचारे सरळ माणूस. समोर काय चाललंय ते त्यांना झेपेना, पण हार आणला होता म्हणून त्यांनी तो माझ्या गळ्यात घातला. फोटो निघाला. हार घातलेली मी, हातात कुदळ, पायाखाली खड्डा, आणि मागं गाडीच्या खिडकीतून बोट दाखवणाऱ्या मावशी. तो फोटो आजही वसाहतीच्या ग्रुपवर दर सणाला येतो.

खड्डा झाला. मी गाडीत बसले, जीव मुठीत धरला आणि डावी चाकं अलगद आत सोडली. ढवळी डावीकडं कलली, झुकली आणि तिनं दार रस्त्याला लावलं. मायचं निरांजन आता अक्काच्या तोंडासमोर आलं. भाकरतुकडा ओवाळून झाला, पायावर पाणी घातलं, आणि अक्का, उंबऱ्याएवढंही पाऊल न उचलता, चालत माहेरी उतरली. मायच्या गळ्यात पडून दोघी रडल्या. मीही रडले असते, पण डोळ्यांत मुरूम गेला होता.

मावशी शेवटी उतरल्या. त्यांनी खड्डा वाकून बघितला, काठावर पाय दाबून बघितला.

"मुराळी म्हणून पोरगा धाडला असता," त्या मायला म्हणाल्या, "तर त्यानं चौरंग मांडून हात झटकले असते. हिनं रस्ता खांदला. ऱ्हाऊ द्या लेकीला. बाळंतपण हितंच करा."

माझ्या आयुष्यात वेळेवर मान्य झालेली ही पहिली मागणी.

त्याच्यावरच थांबायला हवं होतं. पण बघ्यांची गर्दी जमली होती, आणि चिखल, दगड, माती सगळीकडं चालणारे टायर मी उगाच बसवले नव्हते. मी ऐटीत म्हणाले, "आता बघा." आणि गाडी दाबली. टायरच्या दातांनी मुरूम धरला, उधळला, आणखी धरला. गाडी वर येण्याऐवजी खाली जायला लागली. एकदम आतून 'फट्' असा आवाज झाला आणि पाण्याचा फवारा खिडकीपर्यंत उडाला. ज्या पाइपासाठी तो खड्डा मुळात खांदला होता, तो पाइप सापडला होता.

ढवळीला बाहेर काढायला ट्रॅक्टर आणावा लागला. त्याचे टायर झिजून गुळगुळीत झालेले होते. ओढताना चाकातलं ते चौथं लिंबूही निघालं, अखंड. मायनं ते सरबताला वापरलं, पण पाणी शेजारच्या वसाहतीतून आणून. आमच्या वसाहतीचे नळ बंद होते.

दुसऱ्या दिवशी पाटीलकाका घरी आले. बराच वेळ चप्पल घालू-काढू करत दारात घुटमळले.

"गौरी, राग मानू नको. लोक लई चिडून राहिलेत. खड्डा करणाऱ्याविरुद्ध निवेदन द्यायचं ठरलंय. पण तुझ्यासारखं कडक लिहिता येत न्हाई ग कुणाला."

मी लिहून दिलं. काय करणार, काम आहे. 'खड्डा खोदणारा हा समाजकंटक कोण?' असं शीर्षक दिलं, मोठ्या अक्षरात. 'वसाहतीचं पाणी तोडणाऱ्या या बेजबाबदार प्रवृत्तीला पाठीशी घालणारे कोण आहेत, हे जनतेला कळलंच पाहिजे' हे वाक्य लिहिताना तर मी स्वतःच संतापले. खाली पहिली सही अप्पांनी केली, अगदी ठळक. मग मायनं. मग अक्कानं, बाजेवर बसून, हसू दाबत. मावशी पाहुण्या होत्या, तरी त्यांनी चष्मा मागवून सबंध निवेदन वाचलं, "चांगलं लिवलंय," म्हणाल्या आणि सही ठोकली.

सगळ्यात खाली माझी आहे. सचिवाच्या सहीशिवाय निवेदन घेत नाहीत.